स्वस्त यंत्रमानव आणि शेतकऱ्यांचीं मुलें

यंत्रमानवाचें नांव काढलें कीं तो धनिकांच्या शाळेंतील खेळ, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं.

आफ्रिकेंतील विद्यार्थ्यांस परवडेल असा, १० डॉलरांच्या आसपास किमतीचा यंत्रमानव तयार करावा, अशी स्पर्धा आफ्रिकन रोबोटिक्स नेटवर्क या संस्थेनें सन २०१२ मध्यें लाविली होती. तींत थायलंडांत राहणारे थॉमस टिली यांचा ‘लॉलीबॉट’ बक्षिसास पात्र ठरला. खर्च अवघा ८ डॉलर ९६ सेंट! व्हिडिओ खेळाचा हातांत धरावयाचा एक नियंत्रक त्यांनीं घेतला. त्यांतील थरथर उत्पन्न करणाऱ्या दोन मोटारींकडून चाकें फिरविलीं, आणि अंगठ्यानें हलविण्याच्या दोन दांड्यांवर लॉलीपॉप बसविले. गाडी भिंतीस आपटली कीं लॉलीपॉपच्या वजनानें दांडा कलतो व तारेनें जोडलेल्या संगणकास अडथळ्याची वर्दी मिळते.

या युक्तीचें मर्म आमच्या मतें केवळ काटकसरींत नाहीं. एका शाळेंत आम्हीं महाग संच कपाटांत कुलुपबंद पाहिला. मोडेल या भीतीनें मुलांस तो दुरूनच दाखवीत. नुसतें पाहून पोहणें कोणास आलें आहे?

स्वस्त संचाची गोष्ट निराळी. दोन लहान मोटारी, चाकें, बॅटरी व आर्डुइनोसारखा एक सर्किट बोर्ड वगैरे साहित्यावर मुलें गाडी जुळवितात. पण ती सरळ न जातां एका अंगास वळते. एकाच जातीच्या दोन मोटारीही अगदीं सारख्या वेगानें फिरत नाहींत, हें तेव्हां उमगतें. जोडींतील एक बैल नेटाचा व दुसरा मंद असला म्हणजे नांगर कसा ओढला जातो, हें जाणणाऱ्या मुलास तें समजाविण्यास फळा लागत नाहीं. आज्ञावलींत नेटाच्या मोटारीचा वेग उतरवून तो गाडी ताळ्यावर आणतो.

शिक्षकांनीं एका संचास दोन-तीनच विद्यार्थी द्यावे, जुळणी प्रत्येकाच्या हातून करवावी, बॅटरीचीं टोकें एकमेकांस भिडूं न देण्याची ताकीद द्यावी, आणि चूक कोठें झाली याची नोंद वहींत लिहवून घ्यावी.

ठिबकाचीं स्वयंचलित यंत्रें आज शेतांत येत आहेत. तीं बिघडलीं म्हणजे तालुक्याच्या कारागिराची वाट पाहत पीक सुकूं द्यावयाचें, कीं दोष कोठें आहे तें घरच्या मुलानें हुडकावयाचें, हा खरा प्रश्न आहे. म्हणून शाळेच्या सभेस जाणाऱ्या पालकांनीं एवढेंच विचारावें: संच कपाटांत आहे, कीं मुलांच्या हातांत?