फिल्टरमधले पाणी

कारंजा नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. आमचे कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर. रायगड जिल्ह्यात उरणजवळचे कारंजा मात्र मच्छिमारांचे बंदर. डिझेल इंजिनावर रोजी दोन्हीकडे चालते. आमच्याकडे टेम्पोच्या, तिकडे बोटीच्या.

मी कापडाचा व्यापारी. इंजिनाची ही माहिती मला नुकसानीतून मिळाली. एका पावसाळ्यात नागपूरच्या गांधीबागेतून माल आणणारा टेम्पो कोंढाळीच्या पुढे बंद पडला. मिस्त्रींनी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून बाटली धरली. खाली पाणी, वर डिझेल! गाठी भिजल्या, पण टेम्पो निदान रस्त्याच्या कडेला लावता आला. भर समुद्रात बोट कुठे लावणार?

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाशी बसते. बोटीला आणखी एक धोका असतो. समुद्र खवळला की टाकीतला सगळा गाळ ढवळून फिल्टरमध्ये येतो. म्हणजे इंजिनाची गरज सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच ते बंद पडते. म्हणून काही बोटींवर दोन फिल्टर जोडीने बसवतात. एक चालू ठेवून दुसरा साफ करता येतो.

काम अवघड नाही. इंजिन बंद करून टाकीचा कॉक बंद करावा, खाली भांडे ठेवावे आणि ड्रेन स्क्रू उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे. फिल्टर बदलल्यास रबरी रिंगही नवीन घालावी. त्यानंतर हवा काढणे आलेच. वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. घाईत हेच राहून जाते, मग इंजिन सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला!

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. या काळात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. टाकी भरून ठेवल्यास ते कमी होते. तरीही पहिल्या फेरीआधी फिल्टर तपासलाच पाहिजे. आमच्याकडे महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या शेतीच्या इंजिनांनाही हेच लागू.

फिल्टरचा खर्च शेकड्यांत, पंप आणि नोजलचा हजारांत. तरी गिऱ्हाईक फिल्टरसाठीच घासाघीस करते. आमचे मिस्त्री आता बोलत बसत नाहीत. काढलेले पाणी काचेच्या बाटलीत भरून समोर ठेवतात.