रेंज फुल, तरी नेट का चालत नाही?

चाँदरातीला चंद्र दिसल्याची बातमी आली आणि अम्मींनी लगेच फोन हातात घेतला. कुवेतला असलेल्या माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावायचा होता. रेंजच्या काड्या पूर्ण होत्या, पण कॉल लागेना. लागला तेव्हा भावाचा चेहरा गोठलेला आणि आवाज तुटक. "रेंज फुल आहे, मग हे असं का?" अम्मींनी विचारलं. मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत घराघरात विचारला जाणारा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर समजलं तर आपले बरेच गैरसमज दूर होतील.

काड्या काय सांगतात?

मोबाइलचं नेट म्हणजे आपला फोन आणि जवळचा टॉवर यांच्यातली रेडिओ लहरींची देवाणघेवाण. फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पाच हवेतून होतो. पुढे टॉवरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत माहिती बहुधा ऑप्टिकल फायबरच्या तारेतून जाते आणि परदेशी जायची असेल तर समुद्राखालच्या केबलमधून. अशा काही केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात.

काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज आपल्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो. त्या टॉवरवर आपल्याबरोबर आणखी किती जण आहेत, हे त्या सांगत नाहीत. टॉवरवरचे अँटेना साधारण तीन दिशांना तोंड करून बसवतात. एका दिशेची क्षमता त्या बाजूच्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. समजा ती क्षमता ६० एमबीपीएस आहे. दहा जण वापरत असतील तर प्रत्येकाला ६ मिळतील, व्हिडिओ कॉल आरामात होईल. चाँदरातीला ३०० जण एकदम आले तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.२. एवढ्यात बोलणं होईल, चेहरा दिसणार नाही. नळाला पाणी आहे, पण सगळ्या मजल्यांनी एकाच वेळी नळ सोडले, तशी ही गत.

कुलाबा ते कल्याण, लहरी त्याच

कंपन्या लहरींचे पट्टे सरकारी लिलावात सर्कलनुसार विकत घेतात. मोबाइलच्या हिशेबात ठाणे, कल्याण-डोंबिवली हे सगळं मुंबई सर्कलमध्येच येतं. म्हणजे कुलाब्यात वापरलेला पट्टाच कल्याणलाही वापरायचा असतो. हे जमतं, कारण लहरी दूर जाता जाता क्षीण होतात. म्हणून शहराचे छोटे छोटे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला आपला टॉवर देतात. असा भाग म्हणजे 'सेल'. 'सेलफोन' हे नाव त्यावरूनच आलं. डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये आपला फोन एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये सोपवला जातो, तोही चालू कॉल न तोडता. शेकडो फोन एकाच वेळी असे बदलतात, म्हणून गर्दीच्या लोकलमध्ये नेट अडखळतं. १९१६ साली सुरू झालेल्या, सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यात एक्सप्रेस शिरली की लहरींना डोंगरच आडवा येतो.

लहरींचा स्वभावही वेगवेगळा. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात सुरू झालेलं ५जी मुख्यतः ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. ४जीच्या एका पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ असते, इथे ती १०० पर्यंत जाते. रस्ता रुंद झाला, पण या लहरी भिंतीपाशी थकतात. म्हणून गॅलरीत ५जी आणि स्वयंपाकघरात ४जी, असा अनुभव येतो.

टॉवर नको, नेट हवं

क्षमता वाढवायची तर सेल लहान हवेत, म्हणजे टॉवर जास्त हवेत. इथेच आमच्या कौशातल्या सोसायटीत वाद पेटला. एका कंपनीने गच्चीवर टॉवर लावायचं विचारलं, दरमहा भाडं देणार होती. मीटिंगमध्ये निम्मे लोक म्हणाले, लहरींनी कॅन्सर होतो. बाकीचे म्हणाले, मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरता येत नाहीत, टॉवर हवाच.

लहरींबद्दल जे माहीत आहे ते असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवलं. म्हणजे शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली आहे. सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. टॉवर दूर असेल तर फोनला मोठ्याने ओरडावं लागतं, म्हणजे कानाशी धरलेला फोनच जास्त लहरी सोडतो. बॅटरीही लवकर उतरते.

पण आमच्या मीटिंगमध्ये खरा प्रश्न एका वयस्कर चाचांनी विचारला: "लहरींचं राहू द्या. ही इमारत ते वजन पेलेल का?" सगळे गप्प झाले. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ कोसळलेल्या इमारतीत ७४ जीव गेले होते. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. गच्चीवरच्या टॉवरसाठी इमारतीच्या मजबुतीचा दाखला लागतो. आमच्या इमारतीचा तो निघेना. भाड्याचा मोह सोडून सोसायटीने नकार दिला. निर्णय योग्यच होता, फक्त आम्ही आधी भांडत होतो ते भलत्याच कारणावरून.

मग करायचं काय?

महत्त्वाचा फॉर्म शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, पहाटे टॉवर मोकळा असतो. फोन खिडकीपाशी ठेवून पाहा. जमत असेल तर शेजारी मिळून वायफायची लाइन घ्या. नेट कायमच रखडत असेल तर १९८ वर तक्रार करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला सरकारी व्याख्येत 'ब्रॉडबँड' म्हणताच येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

अम्मींनी आपला मार्ग शोधला आहे. आता त्या भावाला फजरनंतर फोन लावतात. कुवेतची घड्याळं अडीच तास मागे आहेत, म्हणून तो जांभया देत बोलतो, पण चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.