गावाची राखण: काठी कमी, निरोप पक्का

मागच्या भागानंतर कळंब तालुक्यातून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. सोयाबीन काढणीचे दिवस, रात्री शेतातल्या मोटारी आणि केबल जातायत, म्हणून गावातल्या पंधरा-वीस पोरांनी गस्त घालायचं ठरवलंय. त्याचे प्रश्न दोनच होते: "हे कायद्यात बसतं का? आणि चोर सापडलाच तर काय करायचं?"

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात थोडी जरी गफलत झाली तरी एखाद्याचा जीव जाऊ शकतो. आपल्या महाराष्ट्रात तो गेलेला आहे. म्हणून आख्खा भाग यावरच केला. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

मी वकील नाही, पोलीसही नाही. धाराशिव जिल्ह्यातला आहे, बीटेक करून पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो. एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी वेळेवर आणि न बिघडता पोचवणं, हे माझं रोजचं काम. गावाच्या सुरक्षेचा प्रश्न मला बराचसा तसाच दिसतो.

आधी हिशोब करू

आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर. तालुके ८, गावं सातशेहून जास्त. आणि पोलीस ठाणी? धाराशिव शहर-ग्रामीण, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, ढोकी, बेंबळी, येरमाळा, आंबी अशी सगळी मोजली तरी दीड डझनाच्या आसपास.

भागाकार करा. एका ठाण्याच्या वाट्याला साधारण ४२० चौरस किलोमीटर आणि चाळीसेक गावं. वाडी-वस्ती वेगळी. रात्रपाळीला गाडी एक किंवा दोन. ती गाडी जिल्ह्याच्या एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाच्या वस्तीवर दहा मिनिटांत पोचेल, ही अपेक्षा गणितातच बसत नाही. पोलीस कामचुकार आहेत की नाहीत, हा वाद नंतर घाला. सगळे कामसू असले तरी हा भागाकार बदलत नाही.

म्हणजे गावकऱ्यांची मदत लागणारच. प्रश्न एवढाच, की मदत कशाची? हाताची, का डोळ्यांची?

कायद्यात दार आहे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बसतं. पण पोलिसांना बाजूला ठेवून नाही.

पहिला दुवा म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली हे पद आहे. गावात काय चाललंय, कोण नवीन आलंय, कुठं भांडण पेटायच्या बेतात आहे, हे ठाण्याला कळवणं त्यांचं काम. बरेच जण त्यांना फक्त दाखल्यापुरतं ओळखतात. २०२४ मध्ये सरकारनं त्यांचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये केलं. तेव्हा रात्री फोन करायला संकोच नको.

दुसरा दुवा ग्रामरक्षक दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३ ब मध्ये त्याची तरतूद आहे. पोलीस अधीक्षक गावात स्वयंसेवकांचं दल उभं करू शकतात. आता, 'ग्रामरक्षक दल' याच नावाचं आणखी एक दल अवैध दारू रोखण्यासाठी दारूबंदी कायद्याखालीही असतं. नाव तेच, कायदा वेगळा, काम वेगळं. ठाण्यात अर्ज देताना आपल्याला कोणतं हवंय ते स्पष्ट लिहा.

नोंदणीचा फायदा काय? रात्री दोन वाजता रस्त्यावर उभे असलेले पंधरा तरुण कोण, हे ठाण्याला नावानिशी माहीत असतं. उद्या काही झालं तर 'जमाव' आणि 'दल' यांतला फरक त्या यादीवर ठरतो.

तिसरा दुवा ११२. इथं एक बारकावा लक्षात ठेवा. तुम्ही उमरग्यातून ११२ लावला तरी फोन उमरगा ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. फोन उचलणाऱ्या ताईंना तुमची चावडी कुठं, म्हसोबा कुठं, काही माहीत नसतं. त्यामुळे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावं आपल्याकडे एकाहून जास्त आहेत, हे विसरू नका.

चांगला निरोप आणि वाईट निरोप

आता माझ्या विषयाकडे येतो. माझ्या गावाच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. "सावधान! पांढऱ्या गाडीतून टोळी फिरत आहे. सर्व ग्रुपवर पाठवा." तारीख नाही, गाव नाही, गाडीचा नंबर नाही, पाहिलं कुणी ते नाही. गेल्या वेळी मी पाठवणाऱ्याला विचारलं, तुला कुणी पाठवला? त्याला मेव्हण्यानं. मेव्हण्याला सोलापूरच्या मित्रानं. पुढं धागाच सापडेना. अशा मेसेजचं करायचं काय? पांढरी गाडी तर आपल्याकडे निम्म्या लोकांकडे आहे.

मी कामाच्या निरोपाला सहा प्रश्न लावतो. काय घडलं? कुठं? किती वाजता? कोणत्या दिशेनं गेले? कुणी डोळ्यांनी पाहिलं? आणि सांगणारा कोण, त्याचा नंबर काय? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या निरोपाखाली नाव नाही, त्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

हाच विचार यंत्रणेत बसवलेला पाहायचा असेल तर ग्राम सुरक्षा यंत्रणा समजून घ्या. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांत ती वापरली गेली. गावकऱ्यांचे नंबर आधी नोंदवलेले असतात. संकटात सापडलेला माणूस १८०० २७० ३६०० या टोल फ्री क्रमांकावर फोन करतो, आपलं नाव, गाव आणि घटना सांगतो, आणि त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. साधा बटणांचा फोन असला तरी चालतं, नेट लागत नाही. जुन्या दवंडीचंच हे नवं रूप म्हणा.

व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा यात दोन गोष्टी वेगळ्या. एक, रात्री दोनला मेसेजचा 'टिंग' कुणाला ऐकू येत नाही, कॉलची रिंग येते. दोन, निरोप नोंदलेल्या नंबरवरून आणि सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात जातो. आपल्या आवाजात खोटं बोलायला माणूस कचरतो. फॉरवर्ड करायला नाही कचरत.

तुमच्या गावाची नोंद आहे का, हे बीट अंमलदाराला विचारा. नसेल तर ग्रामपंचायतीत विषय काढा.

निरोप बिघडला की काय होतं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. पाच माणसं गावात आली होती, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना मारून टाकलं. ते चोर नव्हते. मंगळवेढा आपल्यापासून काही फार लांब नाही. अशी माणसं आपल्याही गावात येतात.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. आज तुमच्या फोनवर ती मर्यादा दिसते, तिच्यामागे राईनपाड्यासारखी गावं आहेत.

पुढं १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघं मारले गेले. तिथंही चोरांच्या अफवेनं गावकरी रात्री पहारा देत होते. म्हणजे हेतू राखणीचाच होता. पोलीस तिथं पोचले होते, तरी जमाव आवरला नाही. हे ऐकून पोटात गोळा येतो, कारण कळंबच्या त्या पोरांचा हेतूही चांगलाच आहे.

आणि २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात ड्रोनचं काय झालं ते तर ताजंच आहे. रात्री आभाळात दिवे दिसले की चोर टेहळणी करतायत, ही भीती बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या गावागावांत पसरली. पोरं रात्र रात्र जागली. अशा जागरणाच्या चौथ्या-पाचव्या रात्री, डोळे तारवटलेले असताना, वाट चुकलेला एखादा दुचाकीवाला समोर आला तर?

'संशयित' म्हणजे कोण?

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे चोरी झाली की गावाची नजर आधी पारधी वस्तीकडे जाते. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायद्यातून गेला. नजरेतून गेला का? शिक्का बसलेल्या समाजात वाढण्याचा अर्थ काय, हे लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'मध्ये लिहून ठेवलंय, आणि ते आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातलेच.

हे मी भावनेपोटी सांगत नाही, कामाचं म्हणून सांगतो. जात बघून संशय घेतला की खरा चोर निवांत निसटतो, कारण सगळ्यांचे डोळे दुसरीकडे असतात. गस्तीच्या वहीत माणसाचं वर्णन नको, कृतीचं वर्णन हवं. 'अनोळखी बाई' ही नोंद नाही. 'रात्री १.४० ला डीपीजवळ दिवे बंद केलेला टेम्पो उभा, नंबर अमुक' ही नोंद आहे. दल नेमताना त्या वस्तीवरचाही एक तरुण घ्या.

चोर सापडलाच तर

आता दुसरा प्रश्न. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४० नुसार, तुमच्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर साधा नागरिकही त्याला धरू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त ६ तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

इथं दोन शब्द अधोरेखित करा: 'डोळ्यांदेखत' आणि 'धरू शकतो'. संशय पुरत नाही, आणि मारण्याची परवानगी कुठंच नाही. खांबाला बांधणं, कबुली काढणं, व्हिडिओ करून टाकणं, हे सगळं तुम्हालाच आरोपी करतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाला मारलं, तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. 'मी एकच फटका मारला' याला तिथं अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला: धरायला जाऊच नका. टॉर्च, शिट्टी, फोन. अंतर ठेवा, उजेड पाडा, आवाज करा, ११२ लावा, नंबर टिपा. लोक जागे आहेत हे कळलं की चोर बहुतेक वेळा स्वतःच पळतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडं

दुकानाबाहेर कॅमेरा असेल तर एक तोंड रस्त्याकडे ठेवा. घड्याळ तपासा, डीव्हीआर तासभर मागं असेल तर फुटेजवर वकील पहिला प्रश्न तिथंच विचारतो. आणि क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसू देऊ नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, नंबर प्लेट पुसट होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही येते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवा आणि पोलिसांनाच काढून घेऊ द्या.

या आठवड्यात काय करायचं

कळंबच्या मित्रा, पोरांची यादी कर, आधार नंबर नको, नाव आणि फोन पुरे. पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यात दे. बीट अंमलदाराचा नंबर सगळ्यांनी सेव्ह करा. गस्तीला चार-चारच्या पाळ्या लावा, कुणीही सलग दोन रात्री जागायचं नाही. पिऊन आलेल्याला घरी पाठवा, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना. एक साधी वही ठेवा. ग्रुपवर सहा प्रश्न पिन करा आणि ठरवून टाका: ज्यात नाव आणि वेळ नाही, तो मेसेज ॲडमिन उडवणार.

आणि काठ्या? कुत्र्यांसाठी एखादी असू द्या. बाकीच्या घरीच ठेवा.

तुमच्या गावात दल नोंदलेलं असेल तर ते कसं चालतं, हे व्हॉइस मेसेज करून कळवा. पुढच्या भागात ऐकवू.