जळगाव ते धुळे, वाटेत ७,२०,००० थांबे

जळगावहून धुळ्याला एसटीने निघालं की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे अशी गावं लागत जातात. त्याच रस्त्याने मोटरसायकलवर गेलात तर कुठेही न थांबता पोचता येईल. पण टाकीखालचा पिस्टन या ९५ किलोमीटरांत ७ लाख २० हजार वेळा थांबलेला असेल. नुसता हळू झालेला नव्हे, पूर्ण थांबलेला. वेग शून्य.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडता येतो. उदाहरणाला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेऊ, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कितीतरी जणांची गाडी. तिच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल, ८५.८ मिमी. हायवेवर इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेतंय आणि धुळे गाठायला दीड तास लागतोय असं धरू. फेरे झाले ३ लाख ६० हजार. दर फेऱ्याला पिस्टन एकदा वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो आणि एकदा खालच्या. म्हणून ७ लाख २० हजार थांबे, सेकंदाला १३३.

दोन थांब्यांमधलं अंतर नऊ सेंटिमीटरसुद्धा नाही आणि वेळ मिळतो सेकंदाच्या हजाराव्या भागांतले साडेसात. तेवढ्यात पिस्टन शून्यावरून ताशी ६५ किमीपर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. टोकाला उलटं फिरताना त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पटींच्या वर जातं. पिस्टन २५० ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर त्याचा भार पडतो १९० किलोंचा. आख्खी क्लासिक गाडी भरते १९५ किलो. म्हणजे हाताच्या मुठीत मावणारा भाग सेकंदातून १३३ वेळा जवळजवळ सगळ्या गाडीएवढा जड होतो. हे एकदा डोक्यात शिरलं की ऑईल बदलायचा दिवस पुढे ढकलवत नाही.

मधोमध वेग सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य, या गोष्टीचं गणित खान्देशाला परकं नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० साली पुरा केला. ग्रहाची एका क्षणाची गती त्यात त्यांनी काढली आहे, आणि एखादी राशी जिथे कमाल होते तिथे तिच्या बदलाचा वेग शून्य होतो हेही ओळखलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभारला, तो चाळीसगावजवळच्या पाटण्याला. त्या मठाला दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तिथल्या देवळात आहे आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावं, अशी त्यात तरतूद आहे. पाटणादेवीला दर रविवारी गाड्यांचे ताफे जातात. त्यातल्या प्रत्येक गाडीच्या सिलिंडरमध्ये तेच गणित खालीवर होत असतं, आणि तेही तेलाच्या आधारानेच, हे मला फार मोलाचं वाटतं.

तेलाचं सांगायचं तर पिस्टन एका फेऱ्यात १७ सेंटिमीटर घासत जातो. ३ लाख ६० हजार फेऱ्यांचं अंतर होतं ६२ किलोमीटर. तुम्ही धुळ्याला पोचता तेव्हा तो त्या नऊ सेंटिमीटरांच्या जागेत ६२ किलोमीटर चाललेला असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो मोजक्या मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनांचा. एवढ्या पातळ थरावर गाडीचं आयुष्य उभं आहे. म्हणून गाडी सपाट जागी सरळ उभी करून इंजिनाच्या काचेतून ऑईलची पातळी बघण्याचं अर्ध्या मिनिटाचं काम मी घरच्या सगळ्या कामांत पहिलं मानतो.

आता आग. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे धुळ्यापर्यंत १ लाख ८० हजार. लिटरला ३५ किमी धरले तर पेट्रोल लागतं २.७ लिटर. एका लिटरचे २० हजार थेंब होतात, तेव्हा एकूण थेंब ५४ हजार. एका थेंबात तीन स्फोट उरकून वर थोडं उरतं. त्या प्रत्येक स्फोटाला ठिणगी हवी. प्लगच्या टोकाची फट मिलिमीटरभरही नसते, पण दाबलेल्या हवेतून ती ओलांडायला बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल १५ हजारांच्या वर चढवते. शिवारातून जाणारी महावितरणची मोठी लाईन ११ हजार व्होल्टची असते. त्याहून चढा दाब आपल्या दोन गुडघ्यांमध्ये सेकंदाला ३३ वेळा उसळतो. प्लगवर काजळी धरली किंवा फट वाढली की आधी ठिणगी चुकते आणि मग ॲव्हरेज पडतं. प्लगचा पाना, फीलर गेज आणि दहा मिनिटं एवढ्यात हे काम घरी होतं, फक्त इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे.

जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांना वितळतं. तो टिकतो कारण आग क्षणभरच असते आणि उष्णता लगेच वाहून नेली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेली धुळ्याच्या एका फेरीत साधारण १८ युनिट विजेएवढी उष्णता होते. त्यातली बरीचशी धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते, बाकीची मुख्यतः इंजिनाच्या फिन्स हवेत सोडतात. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर फिन्समध्ये बसलेला काळ्या मातीचा चिखल काढायचा तो दिसायला बरं म्हणून नाही, त्यासाठी.

हवेकडे तर फार थोड्यांचं लक्ष जातं. पेट्रोल जळायला वजनाने चौदापट हवा लागते. दोन किलो पेट्रोलला २८ किलो हवा, आणि उन्हाळ्यातल्या जळगावात तिचं आकारमान भरतं सुमारे २६ हजार लिटर. स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात साधारण १० ते ११ हजार लिटर हवा घेतो. त्याला अडीच दिवस पुरेल एवढी हवा गाडी दीड तासात ओढून घेते. शिवाय आपल्याकडची हवा मे महिन्यात पातळ होते. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी तिची घनता ११ टक्क्यांनी कमी असते. घनतेत एवढी घट व्हायला समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर चढावं लागतं. जवळजवळ तोरणमाळाची उंची. भर उन्हात गाडी ओढत नाही अशी तक्रार होते, त्यात तथ्य आहे. घाट न चढताच इंजिन घाटावर गेलेलं असतं.

आणि ती हवा स्वच्छ नसते. महामार्गावर ट्रकच्या मागे राहिलं तर एका घनमीटरात अर्धा मिलिग्रॅम धूळ धरायला हरकत नाही. धुळ्याच्या फेरीला १३ मिलिग्रॅम. १०,००० किलोमीटरांत ती होते १.४ ग्रॅम, चिमूटभर. पण दहा मायक्रॉनांचा एक कण घेऊन मोजलं तर त्या चिमटीत सुमारे शंभर कोटी कण निघतात. त्यातले वाळूचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात आणि तेलाच्या थरापेक्षा जाड. एअर फिल्टरचा कागद फाटला किंवा त्याची कड नीट बसली नाही, तर हे शंभर कोटी कण पिस्टनच्या त्या घासण्यात सामील होतात. फिल्टर बसवताना झाकणाच्या रबरावरून एकदा बोट फिरवावं. एवढ्या स्वस्तात इंजिन वाचवण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

चेन वाढली असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. मागच्या स्प्रॉकेटला ४० दाते आणि चेनला १०० कड्या धरल्या, तर धुळ्यापर्यंत चेन १८ हजारांहून जास्त वेढे घालते. दर वेढ्यात प्रत्येक सांधा चार वेळा हलतो, दोन्ही स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो. एका सांध्याच्या वाट्याला एका फेरीत ७५ हजार हालचाली आल्या. अशा कितीतरी फेऱ्यांत दर सांध्याची पिन मिलिमीटरचा दहावा भाग झिजली, तरी शंभर सांध्यांची मिळून चेन एक सेंटिमीटर लांब होते. म्हणून दर पाचशे-सहाशे किलोमीटरांनी, आणि पावसात भिजली की लगेच, ती पुसून वंगण द्यायचं. ताण गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवायचा. ढिली चेन आवाज तरी करते, पण फार घट्ट केलेली मुकाट्याने बेअरिंग खाते.

टायरच्या गणिताला पुन्हा भास्कराचार्य लागतात. क्लासिकचं मागचं टायर १२०/८०-१८, त्याचा व्यास ६४९ मिमी. ‘लीलावती’त परिघ काढायला दोन गुणोत्तरं आहेत, सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० आणि स्थूल कामाला २२/७. पहिल्याने परिघ येतो २.०४ मीटर, आणि ९५ किलोमीटरांत चाक फिरतं साधारण साडेसेहेचाळीस हजार वेळा. दोन्ही गुणोत्तरांतला फरक इतका बारीक आहे की एका फेऱ्यात तो मिलिमीटरच्याही आत राहतो, पण धुळ्याला पोचेपर्यंत ३८ मीटरांचा होतो. मोटरसायकलची सगळी देखभाल याच गुणाकारावर चालते. एरवी नगण्य वाटणारं काहीही इथे लाखाने गुणलं जातं.

झिजेचंही तसंच. मागचं टायर १५,००० किलोमीटरांत ६ मिमी झिजलं असं समजा. फेरे झाले साडेत्र्याहत्तर लाख, आणि एका फेऱ्यामागची झीज येते ०.८ नॅनोमीटर. एकाला एक जोडून उभे केलेले पाच कार्बनचे अणू. रबराच्या सगळ्या गोलाईवरून दर फेऱ्याला जेमतेम पाच अणूंची जाडी उतरते आणि त्याच्या मोबदल्यात गाडी दोन मीटर पुढे जाते. जमिनीला टेकलेला भाग तरी केवढा? चालवणारा, मागे बसलेला आणि सामान धरून ३६० किलो, हवा पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय. भाराला दाबाने भागलं की दोन्ही टायर मिळून जेमतेम १५० चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टकार्डाचं क्षेत्रफळ १२६. ब्रेक, वळण, पाऊस, सगळं त्या जागेवर. जानेवारीत १५ अंशांना ३६ पीएसआय भरलेली हवा ४५ अंशांना ४१च्या वर जाते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, आणि ऋतू बदलला की पुन्हा.

गाडीवर काही चढवायचं तर तेही मोजूनच. कॅरियरवर मागच्या आसापासून ३० सेंटिमीटर मागे दहा किलोंची पेटी ठेवली, तर मागच्या चाकावर भार वाढतो बारा किलोंचा आणि पुढचं चाक दोन किलोंनी हलकं होतं, कारण दोन आसांमधलं अंतर १३९० मिमीच आहे. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे. ते धरून ठेवणारा ६ मिमीचा बोल्ट दहा नंबरच्या पान्याने नीट आवळला, म्हणजे १० न्यूटन-मीटर, तर दोन पत्रे साडेआठशे किलोंच्या जोराने दाबून धरतो. याच्या दुप्पट जोर लावला की आटे जातात. टॉर्क पाना महाग वाटतो, पण ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे बुजवून नवे पाडण्याचा खर्च विचारून पाहा.

जादा दिवे २० वॅटचे दोन लावले की ३.३ अँपिअर वाढतात. इंजिन बंद ठेवून ते जळत राहिले, तर ८ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अडीच तासांच्या आतच पार उतरते. जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल आणि तिथे अर्धा ओहम रोध आला, तर त्या एका गाठीत पाच वॅट उष्णता तयार होते. टेप वितळायला तेवढी पुरे. रिले, फ्यूज आणि पक्का जोड, यात काटकसर नको.

सायलेन्सर बदलू नये असं माझं ठाम मत आहे. डेसिबलचं माप दहाने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट, आणि ती वाटेतल्या प्रत्येक गावाच्या कानावर. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा मूळ तपशील बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

शेवटी एक लाख किलोमीटरांचा आकडा. तेवढं अंतर म्हणजे जळगाव-धुळे १०५३ वेळा. स्फोट १९ कोटी. पिस्टनची चाल ६५ हजार किलोमीटर, पृथ्वीला दीड वेढा घालून वर उरेल इतकी. आणि या सगळ्याला इंजिन प्रत्यक्ष चालू राहिलं किती? दर फेरीला दीड तास, म्हणजे १५८० तास. फक्त ६६ दिवस. गाडी दहा वर्षांत लाखावर पोचली असेल, तर उरलेले साडेतीन हजार दिवस ती दारात उभी होती. त्यातले दहा उन्हाळे जळगावचे, भिंतीसुद्धा रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात तसले. टायरच्या कडांना भेगा पडतात, बॅटरी आपोआप उतरत राहते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल अर्ध्या टाकीत ओलावा ओढून घेतं. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी भरून ठेवा, बॅटरीची तार सोडवा, मेन स्टँडवर लावा आणि आधी सावलीची जागा शोधा.