फळीवरची पीजे

छोट्या रेल्वे-प्रतिकृतीसाठी मूळ मार्गही आटोपशीर हवा. खानदेशात पाचोरा–जामनेर, म्हणजे ‘पीजे’इतका सोयीचा नमुना दुसरा नाही. ५६ किलोमीटरचा, ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग. २०२० मध्ये गाडी थांबली. १:८७ प्रमाणात रुळांतले अंतर पावणेनऊ मिलिमीटर भरते, त्यामुळे ९ मिलिमीटरचा तयार ट्रॅक चालून जातो. अख्खा मार्ग मात्र साडेसहाशे मीटरच्या आसपास जाईल! म्हणून शेंदुर्णीसारखे एकच स्थानक घ्यावे. १२० बाय ३० सेंटिमीटरची फळी पुरते.

खरी गंमत तपशिलात. अडीच मीटरची केळ तीन सेंटिमीटरांहून किंचित कमी होते. पाने पातळ हिरव्या कागदाची, मध्ये बारीक तार, कडा कात्रीने चिरलेल्या. वाऱ्याने न फाटलेले पान जळगावच्या बागेत शोधावेच लागते. काळी माती वस्त्रगाळ करून पाणी घातलेल्या फेविकॉलवर भुरभुरावी. वाळल्यावर ती गडद दिसते, म्हणून थोडी राख मिसळावी.

मोठी मांडणी बघायला पुण्यात कोथरूडचे, भाऊसाहेब जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे (१९९८). धुळेकरांना चाळीसगाव–धुळे फाटा खुणावेल, पण तो ब्रॉडगेज: रूळ १९ मिलिमीटरांवर जातात आणि साडेसोळाचा तयार ट्रॅक अरुंद पडतो.