वास आला, की आपण काय ठरवतो?



आज आपण नाकाविषयी बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा विषय सहसा निघत नाही. तिथे डोळ्याला मोठा मान. आपल्याकडे तत्त्वज्ञानाला नावच मुळी 'दर्शन'. कानालाही मान आहे. वेदांना आपण 'श्रुती' म्हणतो. आणि नाकाच्या वाट्याला काय आलं? संस्कृतात 'घ्राण' म्हणजे वास घेणं, किंवा वास घेणारं इंद्रिय. तो शब्द प्राकृतातून घरंगळत मराठीत आला आणि झाला 'घाण'. ज्ञानाच्या एका साधनाचं नाव आपण उकिरड्याला देऊन टाकलं! वास कळणं ही एक क्रिया आणि वासाबद्दल निकाल देणं ही दुसरी. पण या दोन क्रिया इतक्या चिकटून होतात, की भाषेलाही त्यांच्यातली फट दिसली नाही. आज आपण ती फट शोधायची आहे.

न्याय-वैशेषिकांनी मात्र नाकाचा विचार नेटाने केला. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' न्यायाचा विद्यार्थी आजही आरंभीच हातात घेतो. त्यात पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केली आहे. ज्याला गंध आहे ती पृथ्वी. मग शंका येणारच. दगडाला कुठे वास येतो? न्यायवाले म्हणतात, असतो, पण कळण्याइतका प्रकट नसतो. दगडाचं भस्म केलं की त्याला वास येतोच. बरं, वारा वास घेऊन येतो त्याचं काय? तर तो वास वाऱ्याचा नसून वाऱ्याबरोबर आलेल्या पार्थिव कणांचा.

पंचमहाभूतांवर रसायनशास्त्र उभं करायला आज कोणी जाणार नाही. पण हे शेवटचं उत्तर बघा. वास येतो म्हणजे वस्तूचा अंश नाकात येतो, हे आजच्या विज्ञानालाही मान्य आहे. मोगऱ्याचा वास आला म्हणजे मोगऱ्यातून सुटलेले रेणू तुमच्या नाकात पोचले. डोळा लांब उभा राहून पाहतो. नाकाला ती सोय नाही. डोळे मिटता येतात, पण श्वास किती वेळ रोखणार? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याला नेमकी हीच गोष्ट खुपली होती. वास दुसऱ्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध लादला जातो, म्हणून हे इंद्रिय माणसाच्या स्वातंत्र्याच्या आड येतं, असं त्याचं 1798च्या एका ग्रंथातलं म्हणणं आहे. शेजारच्या सीटवर कोणी अत्तराची अर्धी बाटली ओतून बसलं असेल, तर कान्टचं म्हणणं लगेच पटतं.

आता हे नाक काम कसं करतं ते थोडक्यात पाहू. नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पट्टा असतो. तिथल्या पेशींवर वास टिपणारी ग्राहके असतात. माणसाकडे त्यांचे सुमारे 400 प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी 1991मध्ये या ग्राहकांची जनुकं शोधली आणि त्याबद्दल त्यांना 2004चं नोबेल मिळालं. एक वास एकाच ग्राहकाला जागा करत नाही, अनेकांना कमी-जास्त जागा करतो. पेटीवर मोजक्याच पट्ट्या असतात, पण स्वरांचे मेळ किती बसतात! तसंच हे.

खरी गंमत पुढे आहे. डोळ्याचा, कानाचा, कातडीचा निरोप मेंदूत शिरल्यावर आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतो आणि मग पुढे जातो. वासाचा निरोप या ठाण्यावर न थांबता थेट भावना आणि स्मरण यांच्याशी जोडलेल्या भागांत पोचतो. म्हणून वासाच्या बाबतीत आपल्याला 'हवंसं' किंवा 'नकोसं' आधी कळतं आणि 'कशाचा' हे नंतर. कित्येकदा 'कशाचा' हे कळतही नाही, नुसतं नाक मुरडलं जातं.

जुन्यांच्याही हे लक्षात आलं होतं. अन्नंभट्ट रूपाचे सात प्रकार सांगतो, रसाचे सहा सांगतो आणि गंधाशी आला की दोनांवर थांबतो. एक सुरभी, दुसरा असुरभी. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोनेही 'टिमेयस'मध्ये असंच म्हटलं होतं, की वासांना वेगळाली नावं नाहीत, सुखद आणि दुःखद एवढीच वाटणी आहे. मराठीत तर वासाच्या शब्दांची चंगळ आहे. खमंग, कुबट, करपट, आंबूस, उग्र, दरवळ, घमघमाट, दर्प. पण हे शब्द नीट पाहा. 'निळं' म्हटल्याने निळ्या रंगाची स्तुती होत नाही, निंदाही होत नाही. 'कुबट' म्हटलं की मात्र निकाल लागलेलाच असतो. वासाच्या बहुतेक शब्दांत पंच आणि खेळाडू एकच आहेत.

भावनेनंतर आठवण. यासाठी आपल्या परंपरेत एक फार सुंदर शब्द आहे, 'वासना'. मराठीत त्याचा अर्थ आता बिघडला. मूळ कल्पना अशी, की अनुभव निघून जातो आणि चित्तात त्याचा ठसा मागे राहतो. बौद्ध आचार्यांनी यासाठी तिळाचा दृष्टांत दिला. तीळ फुलांबरोबर ठेवले, की फुलं काढून घेतली तरी तिळात सुगंध उरतो आणि तो तेलातही उतरतो. सुवासिक तेल करण्याची ही खरीखुरी जुनी रीत आहे. कपाटातली आजीची जुनी साडी, नवं कोरं पाठ्यपुस्तक, दिवाळीच्या पहाटेचं उटणं, यांचा वास आला की काही क्षण वय गळून पडतं. फुलं गेलेली असतात, तेलात वास असतो.

पावसाचं पाहा. पहिला पाऊस पडला की मातीचा वास सुटतो. 1964मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या संशोधकांनी या वासाचा अभ्यास करून त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीचं अत्तर काढत होते, याचीही त्यांनी नोंद घेतली. या वासातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे मातीतले जीवाणू तयार करतात तो जिओस्मिन. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले, तरी माणसाला कळतात. कुत्र्यापुढे आपलं नाक गरीब म्हणतात, पण या बाबतीत ते अजिबात गरीब नाही.

इथवर नाकाचं कौतुक झालं. आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. नाकाने जे कळतं त्यावरून आपण अनुमान करतो. धूर दिसला की अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. घरात बसल्या जागेवरून आपण ओरडतो, 'अगं, दूध लागलं वाटतं!' तेही अनुमानच. अनुमान बरोबर केव्हा? तर खूण आणि वस्तू यांचा संबंध पक्का असेल तेव्हा. यालाच व्याप्ती म्हणतात. वासाच्या बाबतीत ही व्याप्ती कुठे टिकते आणि कुठे तुटते, हे तपासलं पाहिजे. कारण इथे चूक झाली तर माणसं मरतात.

पहिलं अनुमान : वास नाही, म्हणजे धोका नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. 1937मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेला गॅस गळून साठला आणि स्फोटात सुमारे 300 जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. म्हणजे ही खूण माणसाने स्वतः तयार केली. पण प्रत्येक विषाला अशी खूण कोण लावणार? बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. तिथे नाकाच्या भरवशावर राहू नका, खिडकी उघडी ठेवा.

दुसरं अनुमान : वास येईनासा झाला, म्हणजे धोका टळला. कोणत्याही वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येतच नाही. आठ दिवस गावाला जाऊन आलं की दार उघडताना क्षणभर येतो. ही सवय बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. तो थोडा असताना वास येतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची जाणीवच बधिर करतो. वास गेला असं वाटतं, आणि नेमकी तीच वेळ जीव जाण्याची असते. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा, दोघेही दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे हे एक कारण असतं. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा 2013चा. गटारात मृत्यू झालेल्यांच्या घरच्यांना 10 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये सांगितलं; 2023मध्ये ती रक्कम 30 लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

तिसरं अनुमान : दुर्गंध आहे, म्हणजे रोग तिथूनच येतो. 19व्या शतकात युरोपातल्या भल्याभल्या डॉक्टरांचं हे मत होतं. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने गटारं धुवायला घेतली, कार्बॉलिक ओतलं, भिंतींना चुना लावला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898मध्ये दाखवलं. गटारं धुणं वाईट होतं असं नाही, पण प्लेगचं मूळ नाकाला कळणारं नव्हतं. याचीच उलटी बाजू आज घराघरांत आहे. फिनेलचा वास आला की फरशी स्वच्छ, एअर फ्रेशनर मारलं की हवा शुद्ध! सुवास वर चढतो, खालची वस्तू तिथेच राहते. उदबत्तीचा धूर प्रसन्न वाटतो खरा, पण फुप्फुसाच्या दृष्टीने तोही धूरच आहे. बंद खोलीत दम्याचा रुग्ण असेल तर देवालाही थोडी मोकळी हवा चालेल.

चौथं अनुमान सगळ्यांत अवघड : याचा वास मला सहन होत नाही, म्हणजे हा माणूस कमी प्रतीचा. समुद्राच्या मासळीचा वास घ्या. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असतं. मासा मेल्यावर जीवाणू त्यातून ट्रायमिथाइल अमाइन तयार करतात, आणि आपल्याला वास येतो त्याचा. कोकम, चिंच, लिंबू लावलं की आम्लामुळे तो दबतो. कोकणातल्या बाईला हे रसायनशास्त्र हाताने येतं. म्हणजे वस्तू एवढीच आहे. पण भाजलेल्या सुकटीचा वास एका दारात 'खमंग' असतो आणि समोरच्या दारात 'घाण'. रेणू तेच, वासना वेगळ्या. इतपत ठीक आहे; आवड-नावड कोणावर लादता येत नाही. पुढे जेव्हा 'असले लोक आमच्या इमारतीत नकोत' असं वाक्य येतं, तेव्हा नाकाने न्यायाधीशाची खुर्ची घेतलेली असते. गमतीची गोष्ट अशी, की याच इमारतीतला मुलगा परदेशी जातो आणि तिथे त्याच्या कोटाला येणाऱ्या हिंग-लसणाच्या फोडणीवरून कोणी नाक मुरडलं, की त्याला अपमान लगेच कळतो.

जातीची उतरंड राखायला नाकाचाही उपयोग झाला आहे. चामडं कमावणं, मेलेलं जनावर ओढणं, मैला वाहणं, या कामांना वास असतो. तो कामाचा वास होता, ठरवला मात्र माणसाचा. आणि काम तर नाकाला पदर लावणाऱ्यांनीच त्यांच्यावर टाकलेलं. आजचंही बघा. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. शहराला वास येत नव्हता, कारण तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता. आपलं घर स्वच्छ आहे असं म्हणताना, आपली घाण कोणाच्या नाकाशी आहे, हे विचारायला हवं. नीतिशास्त्राचा एवढा साधा प्रश्न दुसरा नसेल.

शेवटी आमच्या वयाच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. सत्तरीनंतर वास कमी होत जातो, आणि तो हळूहळू जात असल्याने कळतही नाही. जेवण अळणी वाटतं, आपण सुनेच्या हाताला नाव ठेवतो. दोष कदाचित नाकाचा असेल. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहा, फक्त थोडी गोडी कळेल. नाक सोडा, बडीशेप हजर! आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो. कोविडच्या काळात अनेकांचा वास गेला तेव्हा जेवण म्हणजे काय, हे त्यांना नव्याने कळलं. वास गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पार्किन्सनसारख्या आजारात हे लक्षण कधीकधी हात थरथरण्याच्या काही वर्षं आधी दिसतं. सर्दीसारख्या संसर्गानंतर वास गेला असेल, तर गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे ओळखीचे वास रोज दोनदा, काही महिने लक्ष देऊन घ्यायला सांगतात. काहींना त्याचा उपयोग होतो. आणि गॅसचा वास येत नसेल तर तसं घरात स्पष्ट सांगून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

तेव्हा आठवडाभर एवढंच करून पाहा. वास आला की लगेच नाक मुरडू नका. आधी विचारा, हा वास कशाचा आहे? मग विचारा, यावरून मी कोणाबद्दल काय ठरवायला निघालो आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाक देईल. दुसऱ्याचं त्याला देऊ देऊ नका.

पुढच्या वेळी जिभेकडे वळू.