पुसलेला पिवळा दिवा

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा आहे. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. (जुनी गाडी घेताना तो लागतो ना, हे आधी बघावं, काही महाभाग तो काढूनच टाकतात.) गेल्या मे महिन्यात एका सकाळी तो विझेना. गाडी नेहमीसारखी चालत होती, म्हणून चार दिवस तसाच हिंडलो. साताऱ्याला लग्नाला जायच्या आदल्या संध्याकाळी मात्र एका गॅरेजात शिरलो. तिथल्या पोरानं स्टीअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र खोचलं, मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ''घालवला दिवा, काका. दोनशे द्या.'' दोष काय होता, हे मी विचारलं नाही. खरं म्हणजे मला विचारायचंच नव्हतं.

खंबाटकी घाट चढताना दिवा परत आला. या खेपेला लुकलुकत. इंजिन गचके खाऊ लागलं. ''अहो, बाजूला घ्या आधी,'' ही म्हणाली. घेतली.

हा दिवा मुळात आला तो धुराच्या काळजीपोटी. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना ही तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे तिचा पुढचा टप्पा २०१३ मध्ये आला. अमेरिकेतला माझा भाचा सांगतो, तिकडे पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. तेव्हा नुसता पिवळा दिवा लागला आणि गाडी नीट चालत असली तर घाबरायचं कारण नाही. सावकाश चालवत दोन-चार दिवसांत दाखवावी. (तेलाच्या बुधलीचा लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला की तिथल्या तिथं इंजिन बंद.) लुकलुकला तर गोष्ट निराळी. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही, न जळलेलं पेट्रोल पुढं धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. एक कॉईल वाचवायला जावं आणि तिच्या कितीतरी पटीचा कन्व्हर्टर घालवून बसावं, असा हा व्यवहार.

घाटाखालच्या खंडाळ्याचा (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्याकडचं) मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. यंत्र लावून म्हणाला, ''तीन नंबरची कॉईल. पण काका, सत्तर किलोमीटरमागं कोड कुणी पुसलाय?''

मी चमकलो. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हेही त्या यंत्रात दिसतं म्हणे. शिवाय दोष सापडला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती तापलेलं, अशी नोंद संगणक करून ठेवतो. दिवा घालवताना ती नोंदही जाते. म्हणजे पोरानं दोष तसाच ठेवून पुरावा तेवढा नष्ट केला होता, आणि त्याचे दोनशे मी आनंदानं दिले होते.

सत्तर किलोमीटर! पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही इन्स्पेक्टरनं असा आकडा माझ्यासमोर टाकला नाही. टाकायला हवा होता. २००७ च्या मार्चमध्ये मी एका शाखेचा मॅनेजर होतो. एका लेथवाल्याचे हप्ते थकले होते. नव्वद दिवस भरले की खातं एनपीए. मी काय केलं? नवं कर्ज मंजूर केलं आणि त्यातून जुने हप्ते वळते करून घेतले. तपासणीत खातं स्वच्छ निघालं. त्याच्याकडच्या मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरी बंद झाल्यात, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून तीस दिवस, साठ दिवस अशा पायऱ्यांवरच खात्याला खूण करायला लावली. पिवळा दिवाच तो. आमच्या वेळी पिवळा दिवा नव्हता असं म्हणायची सोय आहे. पण लेजर माझ्यासमोर उघडं होतं.

दोन वर्षांत त्याचं वर्कशॉप गेलं. दुप्पट झालेल्या कर्जापायी घरही विकावं लागलं.

मेकॅनिकनं कॉईल बदलली, प्लग बदलला आणि मग कोड पुसला. लग्नाला आम्ही पंगतीलाच पोचलो.

त्या लेथवाल्याचा अजून दर दिवाळीला फोन येतो. ''साहेब, त्या वेळी तुम्ही सांभाळून घेतलंत,'' म्हणतो. मी मुलांची चौकशी करतो.